दुपारी एकला बंद पडणारी गाडी

आमच्या घरी गाडी बिघडली की आधी वही उघडते आणि मग बॉनेट. माझा नवरा शास्त्रज्ञ आहे. लखनौच्या एका संशोधन संस्थेत गेली बावीस वर्षं तो आंब्यावर पडणाऱ्या रोगांचा अभ्यास करतो, आणि आंब्याला लावलेली शिस्त घरातल्या फ्रिजला, गिझरला आणि मलाही लावतो. बोलताना मी त्याला ‘अहो’ म्हणते. इथे मात्र अरे-तुरे करणार आहे, कारण मान द्यावा असं या प्रकरणात त्याने फारसं काही केलेलं नाही.

गाडी आम्ही जुनीच घेतली. एअरफोर्समधल्या एका मराठी कुटुंबाची बदली झाली आणि त्यांची बारा वर्षांची पांढरी पेट्रोल गाडी इंदिरा नगरच्या आमच्या घरासमोर येऊन उभी राहिली. पहिली दोन वर्षं ती एकटा तोच चालवायचा. मी शेजारी बसून पाण्याची बाटली, मोबाइल आणि त्याचा चष्मा सांभाळायची. एकोणपन्नासाव्या वर्षी मला वाटलं, ही नोकरी फार झाली. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि फेब्रुवारीत लायसन्स काढलं. शिकवणाऱ्या भैयांनी शेवटच्या दिवशी सांगितलं, की मॅडमचा क्लच एकदम साफ आहे. मी ते कौतुकाने घरी येऊन सांगितलं, तर नवरा म्हणाला, ते सगळ्यांना तसंच सांगत असतील.

मी महानगरमधल्या एका शाळेत गाणं शिकवते. सकाळी जाताना अर्धा तास आणि दुपारी येताना अर्धा तास. त्याआधी मी ई-रिक्षाने जायची, गुडघ्याला गुडघे लावून. गाडी हातात आल्यावर मला एक शोध लागला: काचा वर केल्या, एसी लावला, की मी मोकळ्या गळ्याने गाऊ शकते. घरात गायला बसले की कुकरची शिट्टी होते, दूधवाला येतो, किंवा नवऱ्याला नेमकं तेव्हाच आपला मोज्यांचा जोड सापडत नाही. गाडीत कुणी काही मागत नव्हतं. सगळ्या लखनौत ज्या खोलीचं दार मला आतून लावता येईल अशी ती एकच खोली होती, आणि मला ती खूप आवडायला लागली.

मार्च संपता संपता ती खोली बंद पडायला लागली. पहिल्यांदा भूतनाथ मार्केटजवळ, वर मेट्रो आणि खाली आम्ही सगळे, दुपारी एकच्या सुमाराला. सिग्नल लाल होता. मी गिअर काढून, ब्रेकवर पाय ठेवून उभी होते. आधी स्टिअरिंग थरथरायला लागलं, मग आरशातली मागची बस थरथरायला लागली, मग रेसचा काटा दोनदा वर-खाली झाला आणि इंजिनाने श्वास सोडला. सिग्नल हिरवा झाला. मागून एक स्कूटरवाला पुढे येऊन काचेतून डोकावला आणि घर पे गाड़ी छोड़ आया करो, असं सांगून गेला. किल्ली तिसऱ्यांदा फिरवल्यावर गाडी सुरू झाली. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता, कारण इंजिनाबरोबर एसीही बंद पडला होता.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. नवऱ्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, क्लच पूर्ण दाबला होता का. मी म्हटलं, क्लचचा संबंधच नाही, गाडी न्यूट्रलमध्ये होती.

“न्यूट्रलमध्ये आहे असं तुला वाटलं असेल,” तो म्हणाला.

तेवीस वर्षांच्या संसारात मला पुष्कळ काही वाटलेलं आहे, पण गाडी न्यूट्रलमध्ये आहे की नाही हे वाटण्यावर सोडायची गोष्ट नाही. दांडा हलवला की कळतं. हे मी त्याला सांगितलंही. त्याने वही काढली, तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि ‘संभाव्य कारण’ या रकान्यात काहीतरी लिहून वही मिटली. मला दाखवली नाही. मी मागितलीही नाही, ही माझी चूक.

त्यानंतर आमच्याकडे प्रयोग सुरू झाले. एखाद्या साध्या माणसाने गाडी मेकॅनिककडे टाकली असती. पण शास्त्रज्ञाच्या मते मेकॅनिक एकाच वेळी चार गोष्टी बदलतो आणि मग नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. म्हणून आमच्याकडे दर रविवारी एकच गोष्ट बदलायची आणि आठवडाभर निरीक्षण करायचं असं ठरलं. पहिल्या रविवारी प्लग, दुसऱ्या रविवारी एअर फिल्टर, तिसऱ्या रविवारी पेट्रोलचा फिल्टर. चौथ्या रविवारी थ्रॉटल बॉडी नावाचा भाग माझ्या जुन्या टूथब्रशने घासला गेला. मी तो ब्रश कंगवे धुण्यासाठी ठेवला होता. संस्थेतले दोन मराठी सहकारीही बघायला येऊ लागले. तिघंही डॉक्टरेट, तिघंही बॉनेटमध्ये वाकलेले, आणि मी पोह्यांच्या बशा घेऊन मागे उभी. एक म्हणाला पेट्रोलमध्ये भेसळ आहे, दुसरा म्हणाला अर्थिंग ढिलं असणार. गाडी ज्या बाईच्या हातात बंद पडते तिला विचारावं असं कुणालाही सुचलं नाही. चहात साखर किती हे मात्र दोघांनी सांगितलं.

प्रत्येक बदलानंतर गाडीची चाचणी व्हायची. ती कधी? सकाळी सहा वाजता. रस्ते रिकामे असतात, निरीक्षण नीट होतं, आणि आमच्याकडे सगळी पवित्र कामं सकाळीच उरकायची पद्धत आहे. नवरा आंघोळ करून, रात्रभर थंड झालेली गाडी बाहेर काढायचा, एसी न लावता तिला मुंशीपुलियापर्यंत फिरवून आणायचा, आणि घरासमोर उभी करून पाच मिनिटं इंजिनाचा आवाज ऐकायचा. इंजिन मांजरासारखं गुरगुरत असायचं. त्याच दिवशी दुपारी एक वाजता, एसी लावलेला, तापून लाल झालेली, गर्दीत उभी असताना ती माझ्या हातात मान टाकायची. मी सांगायची, अहो, ती उन्हातच बंद पडते, उभी असतानाच पडते, एसी लावल्यावरच पडते, तुम्ही एकदा दुपारी चालवून बघा. तो म्हणायचा, दुपारी मी ऑफिसात असतो.

मे महिन्यात निष्कर्ष निघाला. गाडी तीच, पेट्रोल तेच, रस्ता तोच. त्याच्या हातात दहा चाचण्यांत एकदाही बंद पडली नाही, माझ्या हातात सात वेळा पडली. बदलता घटक एकच, चालवणारी. हे त्याने मला जेवताना समजावून सांगितलं, हळू आवाजात, वाईट बातमी देणाऱ्या डॉक्टरसारखं. सकाळची दुपार झाली हा घटक बदलत नाही का, असं मी विचारलं. त्याने ताक मागितलं.

शाळेला सुट्टी लागली आणि विषय थोडा मागे पडला. मग जूनच्या शेवटी मलिहाबादची सहल आली. त्याच्या कामामुळे तिथले एक बागवान आम्हाला दरवर्षी दसहरी खायला बोलावतात. चार कुटुंबं जातात, बादलीभर पाण्यात आंबे टाकलेले असतात, खाटांवर बसून कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर खायचं. या वर्षी मी हट्टाने म्हटलं, गाडी मी चालवणार. रेल्वेच्या फाटकापर्यंत मी छान चालवली. फाटक बंद होतं, पंधरा मिनिटं उभं राहावं लागलं, एसी चालू. मला कळत होतं की आता ती जाणार. थरथर सुरू झाली तेव्हा मी दांडा हलवून त्याला दाखवला, हे बघा, न्यूट्रल. तो खिडकीतून मालगाडीचे डबे मोजत होता. गाडी बंद पडली, फाटक उघडलं, आणि मागचे तिन्ही मित्र हॉर्न वाजवत हसत हसत आमच्या बाजूने पुढे गेले.

बागेत पोचल्यावर चौकशी झालीच. नवरा आंबा हातात घोळवत म्हणाला, “गाडी ठणठणीत आहे. हिचा पाय बिघडलाय. गाण्याच्या बाईचा क्लचवर ताल चुकतो.”

सगळे हसले. त्यांच्या बायकाही हसल्या, त्यातल्या दोघींना स्वतःला चालवता येत नाही. बागवान हिंदीत विचारायला लागले की क्या हुआ, तर ते त्यांनाही समजावून सांगण्यात आलं. मीही हसले. चारचौघांत नवऱ्याने केलेल्या विनोदावर हसायचं हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं आहे, की हसून झाल्यावर मला स्वतःचाच राग आला. नऊ वर्षांपासून ताल शिकवते मी. परतीच्या वाटेवर गाडी त्याने चालवली. संध्याकाळ झाली होती, हवा निवली होती, गाडी कुठेही बंद पडली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली खुंटीवरून त्याच्या टेबलाच्या खणात गेली. माझ्या सुरक्षिततेसाठी. एक जुलैला शाळा उघडणार होती आणि त्याने परस्पर एका ई-रिक्षावाल्याशी महिन्याचं बोलून ठेवलं होतं. मुलगी बंगळूरला शिकते, तिला फोनवर सांगितलं. ती मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते. म्हणाली, “मम्मी, छोड़ो ना यार, पापा ने टेस्ट किया है ना.” मला त्या रात्री जेवण गेलं नाही. गाडीचं दुःख नव्हतं एवढं. मी डोळ्यांनी पाहिलेलं, हातांनी हलवून खात्री केलेलं आपल्याच घरात कुणी खरं धरत नाही, याचं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मलाही शंका यायला लागली होती. झोपेत माझा डावा पाय हलायचा.

शाळा उघडायला तीन दिवस असताना तो ऑफिसला गेल्यावर मी खण उघडला. किल्ली घेतली आणि महानगरात कपूरथला मार्केटच्या मागे असलेल्या एका जुन्या गॅरेजवर गेले. तिथल्या मिस्त्रींना मी रोज ई-रिक्षातून पाहत असे, हिरवं बनियन आणि कानामागे पेन्सिल. ज्ञानी म्हातारे वगैरे असतील अशी माझी कल्पना होती. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, भाईसाहबांना फोन लावून द्या, त्यांच्याशी बोलतो.

मी म्हटलं, “गाड़ी मैं चलाती हूँ, मैं ही बताऊँगी.” मग सगळं सांगितलं, ऊन, एसी, उभी असताना, न्यूट्रल. अजून एक मागणी केली, की एक वाजेपर्यंत ती इथेच उन्हात, एसी लावून, चालू उभी ठेवा. त्यांना हे अजिबात आवडलं नाही. पेट्रोल जाईल, म्हणाले. माझं जाऊ दे, मी म्हटलं. मी बाहेरच्या स्टुलावर पदर डोक्यावर घेऊन बसले. मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली शिरले आणि मला विसरून गेले.

तीस-पस्तीस मिनिटांनी थरथर सुरू झाली. मी उठून बॉनेट उघडलं आणि आत वाकले. इंजिनाच्या आवाजाखाली एक बारीक ‘सूं’ येत होती, रेस खाली गेली की मोठी, वर गेली की लहान. माझ्याकडे माहेरची, सांगलीची बाजाची पेटी आहे. तिचा भाता इतक्यांदा फुटलाय की हवा कुठून निसटतेय हे मी डोळे मिटून सांगू शकते. मी मिस्त्रींना हाक मारली आणि बोट दाखवलं. ते कुरकुरत आले. एक रबरी नळी कानाला लावून तिचं दुसरं टोक त्यांनी इंजिनाभोवती फिरवलं आणि माझ्या बोटाजवळ येऊन थांबले. तिथे अंगठ्याएवढ्या जाडीचा एक काळा रबरी पाईप होता. त्यांनी तो चिमटीत दाबला. इंजिन एकदम शांत, सरळ चालायला लागलं. सोडला, पुन्हा थरथर. तीनदा दाबून सोडून बघितलं आणि चौथ्यांदा गाडी बंद पडली.

“हवा ले रही है,” ते म्हणाले. पाईपला खालच्या बाजूने चीर गेली होती. थंड असताना ती मिटलेली राहायची, तापलं की रबर मऊ होऊन उघडायची, आणि जिथून जायला नको तिथून इंजिनात हवा शिरायची. धावताना खपून जायचं, उभं राहिल्यावर आणि वर एसीचा भार पडल्यावर नाही. मिस्त्रींनी पाईप बदलला, पुन्हा अर्धा तास गाडी उन्हात उभी ठेवली, ती थरथरली नाही. निघताना ते म्हणाले, भाईसाहबांना सांगा, पाईप चांगला टाकलाय. शाबासकी वगैरे काही नाही. मी फुटका पाईप कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि घरी येताना एकही ओळ गायले नाही. मला रडू येत होतं.

संध्याकाळी तो पाईप मी त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने वाकवून चीर पाहिली, भिंग आणून पाहिली, खूश झाला. खरा शास्त्रज्ञ आहे, फुटका पाईप बघून त्याला मनापासून आनंद झाला. मग म्हणाला, म्हणजे दोन कारणं होती, पाईप आणि क्लच, दोन्ही एकत्र. तो हात धुवायला गेला आणि मी समोर पडलेली वही उघडली.

माझी आठ पानं होती. तारीख, वेळ, जागा, आणि ‘संभाव्य कारण’ या रकान्यात आठही वेळा ‘क्लच’. मी मागे गेले. फेब्रुवारीच्याही मागे, गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, जेव्हा मी ड्रायव्हिंग स्कूलचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्याच अक्षरात तीन नोंदी. दुपारी दीड, मीटिंगहून परतताना, गाडी उभी असताना बंद पडली. दुपारी एक, संस्थेच्या गेटवर. दुपारी दोन, निशातगंज पुलाखाली. चालवणारा: स्वतः. संभाव्य कारण: ‘ट्रॅफिक’, ‘ट्रॅफिक’, ‘ट्रॅफिक’.

तो टॉवेलला हात पुसत आला तेव्हा मी ते पान त्याच्यासमोर धरलं. विचारलं, “तुमच्या हातात बंद पडली तर ट्रॅफिक, आणि माझ्या हातात पडली तर क्लच?”

त्याने पान वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. या नोंदी आपण विसरलोच होतो, असं म्हणाला. मला ते खरं वाटलं, आणि म्हणूनच जास्त लागलं. खोटं बोलला असता तर भांडून मोकळी झाले असते. त्याने काही लपवलं नव्हतं, प्रामाणिकपणे सगळं लिहून ठेवलं होतं, फक्त स्वतःच्या हातून झालेलं त्याच्या लेखी झालेलंच नव्हतं. मी त्याला सांगितलं की माझा अपमान झालाय, मलिहाबादेत चार घरांसमोर झालाय, आणि तुमच्या मित्रांना तुम्ही हे पान दाखवायचंय. दोन दिवस आम्ही फक्त भाजी काय करायची एवढंच बोललो. पुढच्या आठवड्यात मित्र चहाला आले तेव्हा त्याने पाईप दाखवला, चीर दाखवली, रबर तापल्यावर काय होतं ते रंगवून सांगितलं. पान दाखवलं नाही. ‘हिनेच शोधून काढलं’ एवढं म्हणाला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी आणखी चहा टाकायला आत गेले. किल्ली मात्र खुंटीवर परत आली होती.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी आम्ही दोघं कपूरथला मार्केटला निघालो होतो. मी चालवत होते, तो शेजारी. बादशाहनगरजवळ सिग्नल सुटला, मागच्या टेम्पोने हॉर्न दाबून धरला, मी गडबडले, पहिला गिअर टाकून क्लच धाडकन सोडला. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. इतकी स्वच्छ चूक मी कधी केली नव्हती. मला हसूच आलं.

“या वेळी माझा पाय होता,” मी म्हणाले.

तो अत्यंत समजूतदार चेहरा करून म्हणाला, नाही गं, गाडीच जुनी आहे, दुसरा एखादा पाईप असेल, रविवारी बघतो. तू उगाच स्वतःला दोष लावून घेऊ नकोस.

मी गाडी सुरू केली, सिग्नल ओलांडला आणि पलीकडे कडेला घेऊन थांबवली. त्याने विचारलं काय झालं. मी म्हटलं, क्लच मी सोडला, माझ्या पायाला कळलं, तुम्ही तसं म्हणेपर्यंत आपण इथून हलणार नाही. त्याने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. एक ट्रॅफिक पोलीस आमच्याकडे यायला निघाला होता.

“बरं,” तो म्हणाला. “क्लच तुझा होता.”

मी गिअर टाकला आणि सावकाश क्लच सोडला. मार्चपासून मी त्या गाडीबद्दल जे जे सांगत आले, त्यातलं हे पहिलं म्हणणं त्याने पुराव्याशिवाय मान्य केलं, आणि ते नेमकं माझ्या चुकीचं होतं.